सावली कापायला कुठलं यंत्र?

मे महिना लागला की आमच्या बोरिवलीत गल्लोगल्ली करवती सुरू होतात. पावसाआधी फांद्या छाटून घ्या, वाऱ्याने पडतील, गाड्यांवर येतील, ही सगळी घाई त्याच महिन्यात. सकाळी दवाखान्याचं शटर वर करते तेव्हा दोन गल्ल्या पलीकडे कुठेतरी एखादं यंत्र चालू असतंच. आता मला नुसत्या कानाने कळतं. दम्याच्या पेशंटसारखं खोकत खोकत सुरू होतं आणि मग एकदम बोंब ठोकतं, ते पेट्रोलचं. नुसतं गुणगुणतं, ते बॅटरीचं. लोकांना आवाजावरून पाखरं ओळखता येतात, मला चेन सॉ ओळखता येतो. काय पण विद्या मिळवली मी या वयात! आणि तो आवाज कानावर पडला की तळपायाची आग मस्तकात जाते. यंदाही गेली. मी दातांची डॉक्टर आहे. यंत्रांच्या आवाजाशी माझं भांडण असायचं काही कारण नाही, माझं पोटच त्या आवाजावर चालतं. माझं भांडण माणसांशी आहे, आणि दोन पावसाळे उलटून गेले तरी ते मिटलेलं नाही.

एरवी हा महिना माझ्या नाकाला आधी कळायचा. आमच्या सोसायटीच्या गेटशी, कंपाउंडच्या आतल्या बाजूला, करंजाचं झाड आहे. त्याच्या फांद्या भिंतीवरून बाहेर फुटपाथवर वाकलेल्या होत्या. चैत्रात करंजाची जुनी पानं गळतात आणि आठवडाभरात नवी येतात, इतकी तुकतुकीत की कुणीतरी बसून एकेक पान तेलाने पुसलंय असं वाटावं. भर उन्हाळ्यात, जेव्हा बाकीची झाडं उपाशी दिसतात, तेव्हा करंज भरलेला असतो. खाली फुलांचा फिकट जांभळा सडा. आणि त्या सड्यावर गोणपाट पसरून, पाट्या मांडून बसलेली चांगुणामावशी.

मावशी मनोरीची कोळीण. सकाळी घरून निघायची, गोराईच्या बोटीने खाडी ओलांडायची आणि आमच्या गेटशी पाटी उतरवायची. तिच्याआधी तिची सासू तिथेच बसायची. म्हणजे आमची सोसायटी उभी राहिली, रंगली, गळली, पुन्हा रंगली, त्या सगळ्याच्या आधीपासून त्या सावलीत मासळी विकली जात होती. एरवी बर्फावरचं ताजं: बोंबील, मांदेली, कोलंबी, नशीब असेल तर पापलेट. पण मे महिन्यात ताज्याच्या जोडीला सुकं यायचं. जूनपासून होड्या किनाऱ्याला लागणार, दर्या बंद, म्हणून लोक पावसाळ्याची आगोट भरून ठेवणार. जवळा, सुकट, सोडे, काड्यांसारखे वाजणारे सुके बोंबील, खारे बांगडे. वर्षभराच्या धंद्यात हा महिना तिचा. या महिन्यात ती वेगळीच असायची. डोक्यात अबोलीचा वळेसर, तोंडात पान आणि जिभेवर अंगार.

"हात नको लाव गो, घेयाचा असेल तं घे," असं ती कुणालाही म्हणायची. बँकेतल्या मॅनेजरला, पोलिसाच्या बायकोला, मलाही. सोडे निवडणाऱ्या बाईला एकदा म्हणाली, "सोने घेतंय का सोडे? एकेक पारखून ऱ्हायली!" बाई हसली आणि पाव किलो जास्त घेऊन गेली. माझा दवाखाना सोसायटीतच, गेटला लागून फुटपाथवर उघडणारा; त्याची खिडकी नेमकी त्या झाडाकडे उघडते. खुर्चीत झोपलेला पेशंट भीतीने ताठ झालेला असला की मी खिडकी थोडी उघडून ठेवायचे. बाहेरून मावशीची शिवी आली की पेशंटच्या खांद्यातला ताण जायचा. भुलीच्या इंजेक्शनाइतकीच तिची मदत होती मला, खोटं नाही सांगत.

वास यायचा? यायचा की. सुक्या मासळीचा वास येणारच, मोगऱ्याचा कसा येईल? पण तो वास म्हणजे काय होतं माझ्यासाठी, ते नाकाला रुमाल लावणाऱ्यांना नाही कळायचं. दिवसभर क्लोव्ह ऑइल, जंतुनाशक आणि दुसऱ्यांच्या तोंडांचा वास घेतल्यावर मी दुपारी एकला दार बंद करून बाहेर यायचे, आणि ऊन, करंजाची चिरडलेली फुलं, वितळणारा बर्फ आणि जवळा असा एक दणकट वास अंगावर यायचा. पावसाळा जवळ आलाय, घरात सुकटीची चटणी होणार आहे, डाळ-भातावर बांगड्याचा तुकडा भाजला जाणार आहे, असं तो सांगायचा. मुंबईत ऋतू कळायच्या जागा आधीच कमी. त्यातली ही एक होती.

तर दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आदल्या पावसाळ्यात मागच्या बाजूच्या बदामाची फांदी सेक्रेटरी नाडकर्ण्यांच्या नव्या गाडीवर पडली होती. टपाला पोचा आला. झालं! दर वर्षी माणसं बोलवायची, ती चार चार दिवस येत नाहीत, त्यापेक्षा सोसायटीने स्वतःचं यंत्र घ्यावं, हलक्या फांद्या आपला माळीच कापेल, असा ठराव आला. ठरावात वाईट काहीच नव्हतं. मीही हात वर केला.

मग सुरू झालं महाभारत. बॅटरीचं घ्यायचं की पेट्रोलचं? नाडकर्णी बॅटरीच्या बाजूने आणि खजिनदार सावंत पेट्रोलच्या. सावंत मूळचे मालवणकडचे, पंपांच्या कारखान्यात जन्म काढलेले. इंजिन म्हटलं की त्यांचे डोळे ओले होतात. ते म्हणायचे, बॅटरीचं म्हणजे खेळणं, ओल्या लाकडात अडकलं की रडायला लागेल. नाडकर्णी म्हणायचे, पेट्रोलमध्ये मापाने ऑइल मिसळा, दोरी ओढ ओढ ओढा, धूर खा आणि वर्षभर पडून राहिलं की कार्ब्युरेटर तुंबला म्हणून मेकॅनिककडे पळा. सावंत म्हणायचे, बॅटरी दोन वर्षांत मान टाकते, तेव्हा काय दातांनी कापणार? असं म्हणून माझ्याकडे बघायचे आणि सगळे हसायचे. एक अख्खी सभा साखळीला तेल कुठलं घालायचं यावर गेली. दुसरी सभा आवाजावर. दुपारी म्हातारी माणसं झोपतात, मुलांच्या परीक्षा असतात, सबब आवाज नको. व्हॉट्सॲपवर व्हिडिओंचा पाऊस. ज्यांनी आयुष्यात कधी कोथिंबिरीपेक्षा जाड काही कापलं नाही ते लोक साखळीच्या दातांचे कोन सांगायला लागले!

खरं सांगू? यंत्र म्हणून नाडकर्ण्यांचंच बरोबर होतं. वर्षातून थोडे दिवस मनगटाएवढ्या फांद्या कापायच्या, तर बॅटरीचं हलकं यंत्र पुरतं. उचलायला सोपं, बटण दाबलं की चालू, सोडलं की बंद, धूर नाही. मी तेव्हाही तेच म्हटलं. पण त्याबरोबर मी आणखी एक विचारलं. मी म्हटलं, "अहो, माझ्याकडे पेशंट आला तर मी आधी कुठला दात ते बघते. पकड कुठली घ्यायची ते नंतर. इथे तुम्ही पकडीवरनं भांडताय. कापायचं काय काय आहे ते ठरलंय का?"

"डॉक्टर, तुम्ही पण ना!" नाडकर्णी म्हणाले. "धोकादायक फांद्या. परवानगी आणलीये तशी."

"पण कुठल्या फांद्या धोकादायक?"

"ते माळी बघेल हो."

आणि चर्चा परत साखळीच्या तेलावर गेली. आपल्याकडे हे असंच. कसं करायचं यावर घसा फाटेपर्यंत वाद घालायचा, म्हणजे काय करतोय ते बघावं लागत नाही. शाळेच्या गणवेशाच्या रंगावर तीन सभा, मास्तर आहे का ते कुणी विचारत नाही. रस्ता डांबरी की काँक्रीटचा यावर आग पाखडायची आणि तो जातो कुठे, ते मात्र नाही विचारायचं. चिडचिड होते नुसती.

अक्षय्य तृतीयेला यंत्र आलं. बॅटरीचं. नवी वस्तू, मुहूर्त चांगला, म्हणून गेटशी पाट मांडून पूजा केली. चेन सॉला हळदकुंकू, झेंडूची माळ, समोर नारळ. नारळ सावंतांनी फोडला, चेहरा पाडून. सगळ्यांना पेढे. पलीकडे करंजाखाली मावशी बसली होती, तिलाही पेढा दिला. तिने तो कपाळाला लावून खाल्ला आणि मला खिडकीतून विचारलं, "काय गो डॉक्टरीन, कसली पूजा?" मी म्हटलं, "झाडं कापायचं यंत्र आणलंय." ती म्हणाली, "बरां झाला. वारा सुटायच्या आदी कापलेलां बरां." किती भाबडेपणाने म्हणाली ती ते!

मावशी दुपारी एक वाजून गेल्यावर उठायची आणि बोटीने घरी जायची. मी एकला दवाखाना बंद करून वर, मागच्या बाजूच्या माझ्या घरात. दुपारी गेटशी चिटपाखरू नसायचं. त्या वेळात माळी यंत्र घेऊन यायचा. एका चार्जिंगमध्ये जेवढं होईल तेवढं कापायचा, बॅटरी संपली की थांबायचा. रोज थोडंसं. कुणाला ऐकू गेलं नाही, कुणाची झोप मोडली नाही. बदामाला हात लागला नाही. ज्या बदामाची फांदी पडली तो मागे तसाच उभा, आणि शिक्षा करंजाला! त्यातही सगळीकडून सारखं कापलं असतं तर मी छाटणी म्हटलं असतं. कापली ती फक्त पूर्वेची, भिंतीवरून फुटपाथवर वाकलेली बाजू. सकाळचं ऊन अडवणारी.

मावशीच्या लक्षात आधी आलं. कसं नाही येणार, तिच्या पाठीलाच चटका बसत होता. ती एक हात सरकली. दुसऱ्या दिवशी आणखी. मग पाटी एकीकडे, गोणपाट दुसरीकडे आणि ती स्वतः अर्धी उन्हात, असं चाललं. सुक्याला ऊन चालतं, ताज्याला चालत नाही आणि बाईमाणसाला तर मेमधलं ऊन मुळीच नाही. बर्फ दहा वाजताच पाणी होऊन फुटपाथवरून वाहायला लागला. गिऱ्हाइकं बोंबील दाबून बघायची आणि नाक मुरडायची. तिने एक काळी छत्री विटांत रोवली, ती वाऱ्याने उलटी झाली. एका सकाळी तिने खिडकीच्या गजावर सुरीची मूठ आपटली.

"गो डॉक्टरीन, भायेर ये. झाड बघ."

मी बाहेर गेले आणि वर बघितलं. एका बाजूने भादरलेलं झाड. कापलेल्या जागा अगदी गुळगुळीत, स्वच्छ. काम सुबक होतं, त्यात शंका नाही.

"मना उठवायला कापतान काय गो?" तिने विचारलं. सरळ. उत्तर कुणाकडे मागायचं ते मला माहीत होतं.

संध्याकाळी मी नाडकर्ण्यांच्या दारावर गेले. दार उघडलं तर आतून तळलेल्या पापलेटाचा वास. हो, हा माणूस मासे खाणारा आहे! हाडाचा मासेखाऊ. त्याची आई असती तर तिने याला लाटण्याने बडवला असता. इतकी वर्षं मावशीकडनं घेतले, तिच्याशी घासाघीस केली, गणपतीनंतर पहिली पाटी याच्याच दारात उतरायची. आता याचे मासे मोबाइलवरून येतात, कापून, धुऊन, पाकिटात बंद. खाल्ल्या घरचे वासे मोजणं म्हणतात ते हेच.

"नाडकर्णी, पुढची बाजू कुणी सांगितली कापायला?"

"अहो, गेटचा लूक बघा ना जरा," तो म्हणाला. "फ्लॅट बघायला लोक येतात, गेटशीच तो वास, माश्या, पाणी. दर पडतात आपलेच. तुमच्यासुद्धा फ्लॅटचे."

"मग तिला सांगा ना तोंडावर. ऊठ म्हणून."

तो दचकलाच. "छे छे! आपण कुणाला कसं उठवणार? फुटपाथ आपला थोडाच आहे? आणि गरिबाच्या पोटावर पाय कशाला द्या? आम्ही तिला एका शब्दाने काही बोललेलो नाही हं."

हे वाक्य मी अजून विसरलेले नाही. एका शब्दाने बोललेलो नाही. फुटपाथ यांचा नव्हता, झाड यांचं होतं. म्हणून तिला हात न लावता यांनी तिच्यावरची सावली काढून घेतली. समोर उभं राहून भांडायची हिंमत नाही. मावशीशी भांडण म्हणजे काय असतं ते ठाऊक आहे ना! ती चार पिढ्यांचा उद्धार करेल, आणि रस्त्यात करेल. त्यापेक्षा माणूस आपणहून उठेल असं करायचं आणि वर हात झटकून सज्जन राहायचं. मला दुष्ट माणसांची एवढी चीड येत नाही. ते निदान समोर तरी येतात. ही जी सभ्य, हळू आवाजातली, पेढे वाटणारी जात आहे ना आपली, हिची मला शिसारी येते.

माझं डोकं फिरलं होतं. सोसायटीच्या ऑफिसात दोन्ही बॅटऱ्या चार्जिंगला लावलेल्या असायच्या. मी गेले, उपटल्या आणि दवाखान्याच्या कपाटात, कवळ्यांच्या साच्यांमागे ठेवून कुलूप लावलं. चोरी? असेल. कुणी विचारलं तर सरळ सांगायचं ठरवलं होतं आणि सांगितलंही. नाडकर्णी विचारायला आला तेव्हा मी म्हटलं, "माझ्याकडे आहेत, देणार नाही. पोलिसात जा." तो गेला नाही. तो कशाला जाईल? पोलिसात जायचं तर मोठ्याने बोलावं लागतं.

मला वाटत होतं, सगळं पाप त्या गुपचूप यंत्राचं आहे. आवाज झाला असता तर लोक गॅलरीत आले असते, बघितलं असतं, कुणीतरी अरे थांब म्हणालं असतं. इतकी माणसं तिच्या हातचं खाऊन वाढलेली! ऐकूच आलं नाही बिचाऱ्यांना, असं मी माझ्याच शेजाऱ्यांना मनातल्या मनात माफ करून टाकलं होतं.

पण रविवार उजाडला. रविवार म्हणजे मावशीची दिवाळी. त्या सकाळी सावंत कुठल्याशा भाच्याकडून पेट्रोलचा चेन सॉ घेऊन हजर. आता हे ऐका: सावंतांच्या मनात मावशीबद्दल काहीही वाईट नव्हतं. ते दर बुधवारी तिच्याकडून बांगडे घेत. गेटचा लूक वगैरे त्यांच्या डोक्यातही नव्हता. त्यांना फक्त बॅटरीवाल्यांना दाखवून द्यायचं होतं. बॅटऱ्या गायब झाल्या, काम अडलं, आता पेट्रोलच उपयोगी पडतं की नाही बघा! एवढ्यासाठी तो माणूस साठी उलटल्यावर चप्पल काढून शिडीखाली उभा राहिला.

"बाजूला हो मावशी, फांदी पडतली," असं ते अगदी काळजीने म्हणाले. आणि मावशी उठली. ज्या जागेवरून तिला कुणी कधी उठवलं नव्हतं तिथून ती तिच्याच जिवाच्या काळजीपोटी उठवली गेली. तिने पाट्या रस्त्यापलीकडे उन्हात नेऊन ठेवल्या. माळ्याने दोरी ओढली. एकदा, दोनदा, मग यंत्र खोकलं आणि गल्ली हादरली. निळा धूर करंजाच्या पानांत शिरला. मी हातातलं काम टाकून बाहेर धावले, "बंद करा, बंद करा" ओरडत. पण त्या आवाजात माझं मलाच ऐकू येईना. माळी वर, कान बांधलेला. सावंत खाली, तोंडभर हसू. मला हाताने खूण करून दाखवताहेत की बघा कसं लोण्यासारखं जातंय!

आणि लोक आले गॅलरीत. सगळे आले. मला जे हवं होतं तेच झालं. पहिला मजला, दुसरा, चौथा. हातात चहाचे कप. मी वर बघून हातवारे केले. कुणी कानात बोटं घातली. कुणी मोबाइल काढून व्हिडिओ घेतला. एक जण ओरडला, "लवकर आटपा यार, रविवार आहे!" बस. एवढंच.

तेवढ्यात यंत्र पुढची फांदी धरायला क्षणभर थांबलं आणि रस्त्यापलीकडून मावशीचा आवाज आला. कमरेवर हात, मान वर, एकेका गॅलरीकडे बोट.

"ओ दुसऱ्या माल्यावरची! तुज्या बालंतपनात मुशी कोनी आनून दिली? दूद येत नव्हता तुना, तवा कोन आलेली? आनी तू गो, पिवल्या गाऊनवाली, तुज्या पोराला काटा काडून बोंबील कोनी भरवला पयला? बोला की आता! सगले मुके झाले?"

दुसऱ्या मजल्यावरची आत गेली. पिवळ्या गाऊनवालीने काच सरकवली. मग एकेक काच सरकत गेली, सगळ्या इमारतीभर, खटाखट. यंत्राच्या आवाजाला नाही, तिच्या आवाजाला. मग माळ्याने पुन्हा चालू केलं आणि फांदी खाली आली ती नेमकी तिच्या गोणपाटाच्या जागेवर. दुपारपर्यंत झाडाचा खांब झाला होता. सावंत घाम पुसत म्हणाले, "बघलात डॉक्टर? पेट्रोल ता पेट्रोल!" मी त्यांना काय बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्यांना खरोखरच कळलं नाही मी का चिडले ते. त्यांना वाटलं, मी बॅटरीच्या पार्टीची.

मावशी त्यानंतर थोडे दिवस आली. त्या खांबाशी, डोक्यावर ओला टॉवेल घेऊन, छत्रीशी झगडत. मी म्हटलं, दवाखान्याच्या पायरीवर बस, आत पंखा आहे. म्हणाली, "तुजी गिऱ्हाइका पलतील गो." भांडणंही कमी झाली तिची. एका बाईने सोडे निवडून निवडून पसरले तरी ती काही बोलली नाही, तेव्हा मला भीती वाटली. मग एक दिवस आली नाही. मला वाटलं, उन्हाने आजारी असेल. मग पाऊस लागला, दर्या बंद झाला. नारळी पौर्णिमा झाली, होड्या गेल्या. गेटशी कुणी आलं नाही. फुटपाथवर आता स्कूटर उभ्या असतात. त्यांना उठवायला कुणी काही कापत नाही.

करंज मात्र निर्लज्ज झाड. किंवा क्षमाशील म्हणा, मला तसं म्हणवत नाही. दोन वर्षांत त्याने पुन्हा हातपाय पसरले. यंदा चैत्रात पानं आली, तशीच तुकतुकीत, भिंतीवरून बाहेर वाकलेली. फुटपाथवर पुन्हा गार काळी सावली पडते. सकाळी शटर उघडताना मी तिच्याकडे बघते आणि मला आनंद होत नाही. फुलं पडतात, स्कूटरच्या सीटवर पडतात, लोक फडक्याने झटकून टाकतात. आणि आमच्या गल्लीला आता मे महिन्याचा कसलाच वास नाही. नुसता उकाडा.

गेल्या आठवड्यात स्टेशनरोडला मावशी दिसली. मी आधी ओळखलंच नाही. काष्टा नाही, साधी गोल साडी, डोक्यात फूल नाही, खांद्याला प्लास्टिकची पिशवी. मीच हाक मारली. दहिसरकडे कुठल्याशा गाळ्यात कामाला लागलीये. मासे साफ करायचे, तुकडे करायचे, पुढे मुली पाकिटं भरतात, मोबाइलवरून मागवणाऱ्यांसाठी. पगारावर. पाटी सुनेला देणार होती, सून नको म्हणाली.

"बरं आहे का तिथे?" मी विचारलं. दुसरं काय विचारणार?

"थंड हाय गो," ती म्हणाली. "दिसभर बर्फातच. ऊन म्हनून दिसत नाय." मग म्हणाली, "तोंडाला पट्टी बांदतान. बोलायचा नाय." आणि हात दाखवले. बोटं पांढरी, फुगलेली, सुरकुतलेली. मी ते हात हातात घेतले तर बर्फासारखे गार. मेमधल्या दुपारी. तिला गाडी गाठायची होती, ती गेली.

आणि परवा नाडकर्णी माझ्या खुर्चीत. दाढ ठणकत होती. माझा धंदा आहे, मी दुखणाऱ्या माणसाला परत पाठवत नाही. दिवा ओढला, इंजेक्शन भरत होते. खिडकी उघडी होती. त्याने मान वळवून बाहेर बघितलं आणि अगदी हळवं होऊन म्हणाला, "काय सुंदर झालंय हो झाड. आता सावली पण मस्त पडते. त्या मावशीला बोलवा ना परत. पावसाळ्याचं सुकं भरायचंय. पाकिटातली सुकट म्हणजे नुसती माती. तुमचं ऐकेल ती."

मी इंजेक्शन ट्रेमध्ये ठेवलं. दाढ त्याची होती, राग माझा होता, आणि दोन्ही एका हातात धरायचे नसतात. मी त्याला सगळं सांगितलं. गाळा, पट्टी, तिची बोटं. म्हटलं, "तुमच्याकडे पापलेटचे तुकडे येतात ना, धुऊन, स्वच्छ? असतील तिच्याच हातचे. विचार करा जेवताना."

तो छताकडे बघत राहिला. मला खरंच वाटलं, कुठेतरी लागलं याला. डोळे मिटले त्याने, सुस्कारा सोडला. मग डोळे उघडून, गालावर हात ठेवून त्याने काळजीने विचारलं,

"मग आता चांगलं सुकं मिळणार कुठे हो, डॉक्टर?"

"झाडाखालची जागा रिकामीच आहे, नाडकर्णी," मी म्हटलं. "तुम्ही बसा."